अस्सल, नक्कल आणि प्रतिकृती

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)

सन्माननीय अध्यक्ष महाशय, संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी शिक्षक, पालक बंधुभगिनी आणि ज्यांच्या नावापुढे ‘माजी’ हा शब्द लावताना माझी जीभ किंचित अडखळते असे माझे सर्व विद्यार्थी,



मेळाव्यात मुख्याध्यापिकेने बोलायचे म्हटले की विषय ठरलेले असतात: शाळेची वाटचाल, निकालाची टक्केवारी आणि इमारत निधी. हे तिन्ही विषय वार्षिक अहवालात सविस्तर आले आहेत आणि अहवाल आपण सर्वांनी वाचला आहे असे गृहीत धरण्याचा मोठेपणा मी आज दाखवणार आहे. यंदा माजी विद्यार्थी संघाने आग्रह धरला की, ‘बाई, आमच्या नोकऱ्यांविषयी पुष्कळ झाले, एकदा आमच्या हौसेविषयी बोला.’ म्हणून मी आज एका मोटारीविषयी बोलणार आहे. एम.ए., बी.एड. झालेल्या मराठीच्या शिक्षिकेचा मोटारीशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. संबंध कसा आला, ते आता सांगते.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने काही काळापूर्वी एक जुनी मोटार विकत घेतली आणि एका शनिवारी ती शाळेच्या पटांगणात आणली. उंचीने माझ्या कमरेइतकी, लांब नाक, उघडी चाके, छप्पर नाही, दारे जवळजवळ नाहीतच आणि बसायला दोन जागा. मधल्या सुट्टीत मुलांचा गराडा पडला. त्याने मुलांना सांगितले की, ही मोटार इंग्लंडमधल्या लोटस सेव्हन नावाच्या प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटारीची प्रतिकृती आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रात, अलिबागजवळ बांधलेली आहे. त्यावर नववीतल्या एका मुलीने माझ्याकडे वळून विचारले, ‘बाई, म्हणजे ही कॉपी आहे का?’

शाळेत ‘कॉपी’ हा शब्द साधा नसतो. परीक्षेच्या दिवसांत आम्ही ज्याच्यामागे धावतो तोच तो शब्द. त्या मुलीला मी त्या दिवशी थोडक्यात उत्तर दिले. विस्ताराने द्यायचे उत्तर मात्र मोठ्यांसमोरच द्यायला हवे असे मला वाटले, कारण अस्सल काय आणि नक्कल काय हा प्रश्न मुलांपेक्षा आपल्यालाच अधिक सतावतो.

प्रथम त्या मूळ मोटारीची ओळख करून देते. कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याने १९५७ साली लोटस सेव्हन बाजारात आणली. मोटार वेगवान करायची तर इंजिन मोठे करण्याआधी वजन उतरवा, हा त्याचा ध्यास होता. त्यामुळे जे जे काढता येईल ते त्याने काढून टाकले. उरली ती साधारण अर्ध्या टनाची, नळ्यांच्या सांगाड्यावर पत्रा चढवलेली गाडी. त्या काळी इंग्लंडात पूर्ण बांधलेल्या मोटारीवर खरेदीकर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून पुष्कळ लोकांनी ती संचरूपाने घेतली आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडली. तिच्याविषयीचा एक किस्सा मोटारींच्या जाणकारांत आवडीने सांगितला जातो. संचासोबत जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागेल, म्हणून कंपनीने मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटापासून सुरुवातीकडे वाचली! मराठीची शिक्षिका म्हणून मला हा वाचनाचा प्रकार फार आवडला.

१९७३ साली लोटसने या मोटारीचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले आणि तिथे तिचे उत्पादन पुढे चालू राहिले. परंतु तिची बांधणी इतकी सरळ आणि उघडी होती की जगभर अनेकांनी तिच्या रूपावरून आपापल्या मोटारी घडवल्या. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत गिडो बोथे या जर्मन गृहस्थांच्या चिंकारा मोटर्सने अलिबागजवळ हेच काम केले. नाव दिले रोडस्टर. अंगावरचे कवच फायबरग्लासचे आणि इंजिन इसुझूचे, १.८ लिटरचे. हे इंजिन त्यांनी कुठून निवडले? आपल्या वडिलांच्या पिढीने ज्या मोटारीतून सरकारी साहेबांना उतरताना पाहिले, त्या अँबेसिडरमध्ये हिंदुस्थान मोटर्स जे इसुझू इंजिन बसवीत असे, तेच हे. अकराशे किलोंच्या घरातली अँबेसिडर ओढणारे इंजिन इतक्या हलक्या मोटारीत बसवले की काय होते, हे आपल्यापैकी विज्ञान शाखेच्या मंडळींना सांगायला नको.

म्हणजे रूप इंग्रजी, इंजिन जपानी घराण्याचे पण भारतीय रस्त्यांवर मुरलेले, आणि कारखाना रायगड जिल्ह्यातला. आता या वस्तूला अस्सल म्हणावे की नक्कल?

येथे मला शब्दांची थोडी निवड करावीशी वाटते, कारण शब्द नीट वापरले की अर्धे भांडण मिटते. ‘बनावट’ वस्तू ती, जी दुसऱ्याचे नाव लावून ग्राहकाला फसवते. ‘नक्कल’ ती, जी दुसऱ्याचे श्रम उचलते आणि त्याचा उल्लेख टाळते. ‘प्रतिकृती’ मात्र आपले मूळ उघड सांगते, आणि शिवाय ती घडवण्यासाठी घडवणाऱ्याला पुन्हा सर्व श्रम करावे लागतात. अलिबागच्या मोटारीवर लोटसचे नाव नव्हते, चिंकाराचे होते. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका उतरवणारा मुलगा आणि गणपती घडवताना वडिलांच्या मूर्तीकडे पाहून माती लावणारा मूर्तिकाराचा मुलगा, दोघेही वरवर एकच गोष्ट करतात. पहिल्याला त्यातून काही येत नाही, दुसऱ्याला कला येते. नववीच्या त्या मुलीला मी हेच सांगितले होते.

आणि मूळ म्हणून आपण जिला डोक्यावर घेतो, ती तरी किती निर्भेळ असते? जगात सर्वाधिक प्रतिकृती ज्या स्पोर्ट्स मोटारींच्या झाल्या त्यांत एसी कोब्राचे नाव फार वरचे. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने एका इंग्लिश मोटारीच्या देहात अमेरिकन फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले, तीच ही कोब्रा. म्हणजे जिच्या प्रतिकृती निघाल्या ती मूळ मोटारच मुळात एक कलम होते. खऱ्या कोब्रा सुमारे एक हजार बनल्या. प्रतिकृतींची संख्या त्याहून कितीतरी अधिक आहे.

आपल्या देशाचे रस्ते तरी कोणी भरले होते? अँबेसिडर १९५७ च्याच सुमारास आली, ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतलेली जीप अमेरिकेच्या विलीजची. या साऱ्या रीतसर परवान्याने झालेल्या गोष्टी होत्या. आपल्या कामगारांनी, फोरमननी आणि अभियंत्यांनी या परदेशी आराखड्यांवर हात बसवला आणि त्यातून पुढे आपले मोटारउद्योग उभे राहिले. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले, हे तर आपल्या घराशेजारचे उदाहरण. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे आईवडील तेथेच यंत्रविद्या शिकले. दुसऱ्याचे पाहून शिकण्यात कमीपणा आहे असे त्यांना कधी वाटले नाही.

इतके सगळे सांगितल्यावर आपल्यातील काही तरुण मंडळी उद्याच अशी मोटार शोधायला निघतील आणि पालक मला फोन करतील. म्हणून आता व्यवहाराकडे वळते. खाली सांगते त्यातले तांत्रिक सारे त्या विद्यार्थ्याकडून आणि त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडून मी समजून घेतले आहे. कायद्याचे मात्र स्वतः वाचले आहे.

कायद्यापासून सुरुवात करू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने मूळ जो तपशील दिला आणि नोंदणी प्रमाणपत्रात जो नमूद झाला, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ही मर्यादा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे कारखान्याने रीतसर बांधलेली आणि त्याच नावाने नोंदलेली प्रतिकृती ही एक गोष्ट झाली. जुन्या जिप्सीचा सांगाडा कापून त्यावर घरगुती स्पोर्ट्स मोटार उभारणे आणि कागदावर ती जिप्सीच ठेवणे ही अगदी निराळी गोष्ट. दिसायला दोन्ही सुंदर असतील, पण दुसरी मोटार रस्त्यावर प्रत्येक क्षणी खोटे बोलत चाललेली असते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्या खोट्याविषयीच विचारते.

‘क्लासिक’ या शब्दाविषयीही सावध असावे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे टिकते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती यांखेरीज ती वाहने रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रतिकृतीला हा मान मिळत नाही, आणि मिळू नये हेच योग्य. त्या बदल्यात तिला एक स्वातंत्र्य मिळते. कागद नीट असतील तर ती साध्या मोटारीसारखी हव्या त्या दिवशी बाहेर काढता येते. अस्सल वारसा जपावा लागतो. प्रतिकृती मुक्तपणे वापरता येते, आणि हौशी माणसाला मुळात तेवढेच हवे असते.

कागद पाहताना काय पाहावे? नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्पादकाचे नाव, निर्मितीचे वर्ष, इंधनाचा प्रकार, आसनसंख्या, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक हे सर्व समोरच्या मोटारीशी ताडून पाहावे. धातूवर ठोकलेला क्रमांक दिव्याच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा; विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. महाराष्ट्रात नोंदलेली मोटार छत्तीसगडात आणायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. तो नमुना २८. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर येथला क्रमांक घ्यावा लागतो आणि येथला करही भरावा लागतो. आपल्या विद्यार्थ्याने या कागदांसाठी जेवढ्या खेपा घातल्या, तेवढ्या त्याने शाळेत असताना ग्रंथालयाच्या घातल्या असत्या तर… असो!

मोटार पाहताना रंगाकडे शेवटी पाहावे. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून वरून ती वर्षानुवर्षे नवी दिसते. आतला पोलादी सांगाडा मात्र गंजतो, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या मोटारीचा तर अधिक. म्हणून ती लिफ्टवर चढवून, नळ्यांचे वेल्डिंग केलेले सांधे एकेक करून तपासावेत. कवचावर, विशेषतः बिजागरी आणि स्क्रूच्या भोवती, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत का ते पाहावे. पत्र्याला पोचा पडतो, फायबरग्लास थेट तडकते, आणि वरून रंग दिला तरी भेग पुन्हा डोके वर काढते.

एक गोष्ट ऐकून आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना फार आनंद झाला. साध्या मोटारीत पत्र्याची बॉडी हीच विजेच्या परतीची वाट असते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार ओढावी लागते, आणि अशा मोटारीचे दिवे मंद लागत असतील तर दोष बहुधा त्या तारेच्या सांध्यात सापडतो. आठवीच्या पुस्तकातील विद्युत परिपथाचा धडा इतका जिवंत करून सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

टायरवर चार आकडी अंक असतो. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. हौसेच्या मोटारी फिरतात थोड्या, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारे होऊन कडक झालेले असते. ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे आणि पट्टे यांवर खर्च करण्याची तयारी आधी ठेवावी, चकाकत्या आरशांवर नंतर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. त्या उन्हात रहदारीत अडकलेल्या इंजिनाला थंड ठेवणारा रेडिएटर आणि पंखा हे येथे चैनीचे नव्हेत, गरजेचे भाग आहेत. इंजिन परिचित मोटारीचे असण्याचा लाभ येथे कळतो. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी तिचे सुटे भाग आणि ती जाणणारे हात जुन्या बाजारांत अद्याप भेटतात. ज्या मोटारीचे नाव ऐकून आपल्या गावचा मिस्त्री हसत पुढे येतो, ती घ्यावी.

आता आनंदाविषयी, कारण त्याशिवाय हौस ही नुसती जमाखर्चाची वही होईल. घरात माणसे पाच आणि मोटारीत जागा दोन, यावरून त्या विद्यार्थ्याच्या घरी बरीच चर्चा झाली असे समजते. शेवटी रविवारच्या पाळ्या लागल्या. एका रविवारी आई, एका रविवारी पत्नी, मग मुलगी. पहाटे नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर, किंवा राजिमच्या त्रिवेणी संगमापर्यंत जाऊन चहा घेऊन परत. तो सांगतो की, बंद मोटारीतून ज्या वाटेने शेकडो वेळा गेलो, तिच्यावर चैत्रात मोहाच्या फुलांचा वास असतो हे मला प्रथमच कळले. जगदलपूरच्या रस्त्यावर केशकाल घाटाची बारा वळणे लागतात. तेथे वेग अगदी माफक असतानाही, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेल्या माणसाला प्रत्येक वळण हाताला आणि पाठीला कळते. चॅपमनने वजन का उतरवले होते, ते तेथे समजते. रस्ता, यंत्र आणि माणूस यांच्या मधले सारे त्याने काढून टाकले होते.

पण हीच गोष्ट तिचा धोकाही आहे, आणि पालकांसमोर तो सांगितल्यावाचून मी पुढे जाणार नाही. या मोटारीत एअरबॅग नाही, छप्पर नाही. भिलाईच्या रस्त्यावर मालट्रकच्या चालकाला ती दिसतही नाही, कारण ती त्याच्या काचेच्या खाली राहते. आपल्या विद्यार्थ्याने म्हणूनच स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. रात्री नाही, पावसात नाही, महामार्गाच्या गर्दीत नाही, आणि बारा वर्षांच्या लेकीला पट्ट्याशिवाय एक फेरीसुद्धा नाही. त्याचे हे नियम मला त्याच्या मोटारीपेक्षा अधिक आवडले.

आणि ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांची मुले आहेत त्यांना हात जोडून एक सांगते. दुचाकीचा सायलेन्सर कापून आवाज वाढवणे याला मुले ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात. त्यात मूळ यंत्र समजून घेणे नसते, श्रमही नसतात. असतो तो केवळ गोंगाट. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास कलम १९९-अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाचे भय मी फार दाखवणार नाही. प्रार्थनेच्या वेळी रांगेत एक जागा रिकामी दिसली की शिक्षकाच्या पोटात जे होते, ते तुम्हा आईबापांना वेगळे सांगावे लागत नाही.

मुलाला यंत्राची खरोखर ओढ असेल तर त्याला दोन गावांची नावे सांगा. पहिले इचलकरंजी. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने घडवली, तिचे एकामागून एक सुधारित नमुने केले. ती बाजारात येऊ शकली नाही, पण सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार आपल्याकडे होऊ शकते हा विचार त्यांनी कितीतरी आधी करून दाखवला. दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरवण्यासाठी भंगारातले भाग जोडून जीपच्या रूपाची एक चिमुकली गाडी बनवली, दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होणारी. खर्च सुमारे साठ हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. अशी गाडी नियमांत बसत नसल्याने ती रस्त्यावर फार काळ चालू शकणार नाही हेही त्यांनी स्पष्ट म्हटले, आणि त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली. या एका प्रसंगात मला मुलांना शिकवण्यासारख्या दोन्ही गोष्टी दिसतात. कौशल्याला मान द्यावा, आणि तो देताना नियमाकडे डोळेझाक करू नये.

श्रोतेहो, आता या मोटारीने माझ्या मनात जो विचार जागवला, तो सांगते. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी एखादे पालक हळूच विचारतात, ‘बाई, इथे शिकून आमच्या मुलाचे मराठी पुण्यासारखे होईल का?’ या प्रश्नामागे एक भीती असते. आपण महाराष्ट्राबाहेरचे, म्हणजे आपले मराठीपण दुय्यम, कुणाची तरी फिकट नक्कल. या भीतीपोटी काही घरांनी मराठीच सोडून दिली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मुलाला चुकीची मराठी बोलू देण्यापेक्षा न बोललेली बरी, असे त्यांना वाटले.

त्यांना मला इतिहास सांगावासा वाटतो. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजीराजे १७५८ साली रतनपूरला आले, आणि तेव्हापासून मराठी घराणी या मातीत रुजत गेली. पुढे रेल्वे आली, सरकारी कचेऱ्या आल्या, भिलाई आली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभे आहे. याच प्रदेशातून माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे लोकमान्यांचे गीतारहस्य व समर्थांचा दासबोध हिंदीत नेला. भाषांतर हीही एक प्रतिकृतीच. मूळ ग्रंथकाराचे नाव शिरोभागी ठेवून तीच वस्तू दुसऱ्या भाषेच्या साहित्यातून पुन्हा घडवावी लागते. सप्र्यांच्या त्या श्रमांना कुणी नक्कल म्हणेल काय?

आपली मुले घरी ‘मी अभ्यास करून राहिलो’ म्हणतात. त्यात हिंदीचा आणि नागपूरकडच्या बोलीचा सूर आहे. बाजारात ती छत्तीसगढीत भाव करतात. शाळेत ज्ञानेश्वर-तुकाराम वाचतात. ठेवण तिकडची आणि इंजिन इकडचे, अशी ही भाषा येथल्या रस्त्यांवर साठ वर्षे बिनतक्रार धावते आहे. तिला प्रमाण मराठीचे व्याकरण आम्ही जरूर शिकवू, ते आमचे कामच आहे. लिफ्टवर चढवून सांधे तपासावेच लागतात. पण तिची लाज कुणी बाळगू नये. जी आपले मूळ अभिमानाने सांगते आणि जिच्यासाठी पिढ्यांनी श्रम केले आहेत, ती भाषा दुय्यम ठरत नाही.

शेवटी एक विनंती करून मी आपली रजा घेते. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कारखान्यांत, कार्यशाळांत, गॅरेजांत, परिवहन खात्यात, विमा व्यवसायात आहेत. हीरक महोत्सवी वर्षात आपण शाळेला देणगी दिलीत, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. आता वर्षातून एक शनिवारही द्या. एखादे जुने इंजिन, मोडलेला पंखा, बंद पडलेला पंप घेऊन या आणि आठवी-नववीच्या मुलामुलींसमोर तो सुटा करा. मग त्यांना तो पुन्हा जोडू द्या. सूचना मराठीत द्या; स्पॅनर, गॅस्केट, बेअरिंग हे शब्द जसे आहेत तसे येऊ द्या, वाक्य मराठी असले की पुरे. मुलींना मागे उभे करू नका. पहिला प्रश्न नववीतल्या मुलीनेच विचारला होता. तारीख ठरवण्यासाठी कार्यालयात एक वही ठेवली आहे. जाताना त्यात आपले नाव आणि आपण काय आणणार ते लिहून जावे.



जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड!